विनोदी अतिमानव-चित्रकथांचे पुनर्मुद्रित संग्रह

अलौकिक शक्ती अंगी असलेल्या व विशिष्ट वेश धारण करून दुर्जनांशी लढणाऱ्या नायकांच्या, परंतु विनोद हाच ज्यांचा प्राण आहे अशा जुन्या चित्रकथांचे ग्रंथरूपाने पुन्हा छापलेले संग्रह. अशा नायकास सामान्यतः ‘सुपरहिरो’ म्हणतात. या चित्रकथांचा उगम व विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४० ते १९७० या काळात झाला. त्या स्वस्त मासिकांतून प्रसिद्ध झाल्या आणि वाचून टाकून देण्याजोग्या समजल्या गेल्या. त्यांपैकी काही आज अभिजात विनोदी वाङ्मयात गणल्या जातात, याचे बरेचसे श्रेय पुनर्मुद्रित संग्रहांना द्यावे लागते. मात्र पुनर्मुद्रण म्हणजे जुन्या पानाची निव्वळ नक्कल नव्हे. कोणती कथा निवडावी, रंग कसे द्यावेत, काय गाळावे आणि कोणाचे नाव द्यावे, याविषयीचे निर्णय प्रत्येक संग्रहात घेतलेले असतात. मूळ अंक सामान्य वाचकाच्या हाती येणे दुरापास्त असल्यामुळे त्याच्यापुरता संग्रह हाच मूळ ग्रंथ ठरतो. त्यामुळे या निर्णयांना विशेष महत्त्व प्राप्त होते.

पार्श्वभूमी : अमेरिकेत चित्रकथांची स्वतंत्र मासिके १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली. प्रारंभी त्यांत दैनिकांतील चित्रमालिकाच पुन्हा छापल्या जात. म्हणजे या प्रकाराचा जन्मच मुळी पुनर्मुद्रणातून झाला. जून १९३८ या दर्शनी महिन्याच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला आणि त्याच्या यशामुळे अतिमानवी नायकांची लाटच उसळली. या मासिकांची पाने साधारणपणे ६४, कागद वृत्तपत्राचा, छपाई चार रंगांची आणि किंमत दहा सेंट असे. वाचक बहुतांशी शाळकरी मुले असत. अंक हातोहात फिरत, फाटत आणि शेवटी रद्दीत जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद वाचविण्यासाठी देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या व त्यांत असंख्य अंक नष्ट झाले. युद्धानंतर चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा समज बळावला व काही गावांत अंकांच्या जाहीर होळ्याही करण्यात आल्या. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांच्या १९५४ मधील ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ या ग्रंथाने या विरोधाला धार आली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. अशा वातावरणात जुने अंक जपून ठेवावेत, ही कल्पना फारशी कोणाला सुचणे शक्य नव्हते.

विनोदी प्रवाह : अतिमानवी नायकाच्या कल्पनेतच विनोदाचे बीज आहे. घट्ट रंगीत पोशाख घालून रस्त्यातून उडणारा मनुष्य गंभीरपणे स्वीकारावयाचा, तर वाचकाला बरेच काही विसरावे लागते. ते न विसरता हसण्याची सवलत या चित्रकथांनी दिली. सुपरमॅनच्या अवतरणानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत, १९४० च्या अखेरीस, शेल्डन मेयर (१९१७–९१) यांनी आपल्या ‘स्क्रिबली’ या चित्रमालिकेत रेड टोर्नेडो हे पात्र आणले. मा हंकल ही धिप्पाड व धीट गृहिणी लांब अंतर्वस्त्रे अंगावर चढवून आणि डोक्यावर स्वयंपाकाचे पातेले पालथे घालून गल्लीतील गुंडांना वठणीवर आणते. अतिमानवी नायकांच्या विडंबनाचा हा अगदी आरंभीचा नमुना होय.

अधिक व्यापक यश मिळाले ते कॅप्टन मार्व्हलला. लेखक बिल पार्कर व चित्रकार सी. सी. बेक (१९१०–८९) यांनी निर्माण केलेले हे पात्र फॉसेट या प्रकाशनसंस्थेच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये १९४० साली प्रथम आले. बिली बॅट्सन हा पोरका मुलगा ‘शझॅम’ हा मंत्र उच्चारताच विजेच्या कडकडाटात प्रौढ, बलाढ्य वीर होतो, हे या कथेचे सूत्र. मंत्राच्या सहा इंग्रजी अक्षरांत सॉलोमन, हर्क्युलीस, ॲटलस, झ्यूस, अकिलीझ व मर्क्युरी यांची नावे गुंफलेली आहेत. बेक यांची रेषा स्वच्छ व मोजकी होती. पुढे बहुसंख्य कथा लिहिणाऱ्या ऑटो बाइंडर (१९११–७४) यांची कल्पकता मात्र बेफाम होती. जगाला थरकाप भरविणारा खलनायक ‘मिस्टर माइंड’ हा प्रत्यक्षात चश्मा लावणारा आणि गळ्यात आवाज मोठा करण्याचे यंत्र अडकवलेला एक क्षुल्लक किडा निघतो. कोट-पाटलोण घालून माणसांत प्रतिष्ठेने राहू पाहणारा बोलका वाघ हे बाइंडर यांचेच आणखी एक पात्र. या कथांत उपहासापेक्षा निरागस खेळकरपणा अधिक आहे. ‘कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्स’ या मासिकाच्या १९४४ या एका वर्षात सु. १ कोटी ४० लाख प्रती खपल्या. लोकप्रियतेत त्याने सुपरमॅनलाही मागे टाकले होते.

जॅक कोल (१९१४–५८) यांचा प्लास्टिक मॅन ऑगस्ट १९४१ च्या ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. क्वालिटी या संस्थेचे हे प्रकाशन होते. ईल ओब्रायन हा दरोडेखोर रासायनिक कारखान्यात चोरी करताना जखमी होतो, आम्लाने त्याचे शरीर रबरासारखे लवचिक बनते आणि मठातील एका साधूच्या शुश्रूषेमुळे त्याचे हृदयपरिवर्तन होते. पुढे तो गुन्हेगारांच्या मागावर राहतो, पण कधी खुर्ची, कधी गालिचा, तर कधी दिव्याचा खांब होऊन. वूझी विंक्स हा गोलमटोल व लबाड साथीदार त्याला १९४२ मध्ये मिळाला. कोल यांच्या चित्रांत मुख्य घटना एकीकडे चालू असते आणि पार्श्वभूमीत आणखी चार गमती घडत असतात. येथे विनोद शब्दांत नसून रेषेच्या ताणण्या-वळण्यातच आहे.

यानंतरचा टप्पा उघड विडंबनाचा. ‘मॅड’ या तेव्हा मासिकरूपात नसलेल्या, चित्रकथांच्या स्वस्त अंकांत मोडणाऱ्या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात १९५३ साली हार्वी कर्ट्‌झमन (१९२४–९३) व चित्रकार वॉली वुड (१९२७–८१) यांची ‘सुपरडुपरमॅन’ ही कथा आली. हा नायक दुबळा, लोभी व स्वतःच्या सामर्थ्याचा गैरवापर करणारा आहे. त्याचा प्रतिस्पर्धी ‘कॅप्टन मार्बल्स’ याने तर परोपकार सोडून पैसा मिळविण्याचा मार्ग पत्करलेला आहे. जो सायमन व जॅक कर्बी यांचा ‘फायटिंग अमेरिकन’ १९५४ मध्ये गंभीर साम्यवादविरोधी नायक म्हणून सुरू झाला, पण थोड्याच अंकांत त्यांनी त्याचा रोख बदलून शीतयुद्धातील भयगंडाचीच थट्टा आरंभिली. पुढील दशकात जाड भिंगांचा चश्मा लावणारा, सदैव लॉलीपॉप चोखणारा आणि बापाच्या लेखी निरुपयोगी असा लठ्ठ मुलगा हर्बी (लेखक रिचर्ड ह्यूझ, चित्रकार ऑग्डेन व्हिटनी) लोकप्रिय झाला. हर्बीने ‘फॅट फ्यूरी’ हे अतिमानवी रूप धारण केले, तेव्हा त्याच्या डोक्यावर तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी दट्ट्या होता. ई. नेल्सन ब्रिडवेल यांची ‘इन्फीरिअर फाइव्ह’ ही कर्तबगार आईबापांच्या कर्तृत्वहीन मुलांची मंडळी (१९६६) आणि मार्व्हल संस्थेने स्वतःच्याच नायकांची टवाळी करण्यासाठी काढलेले ‘नॉट ब्रँड एक’ (१९६७–६९) ही या परंपरेतील उत्तरकालीन उदाहरणे होत.

मूळ प्रकाशनांचा अस्त : यांतील प्रमुख मालिका वाचकांचा अभाव एवढ्या एकाच कारणाने थांबल्या नाहीत. कॅप्टन मार्व्हल ही सुपरमॅनची नक्कल आहे, असा दावा नॅशनल (पुढील काळातील डीसी) या संस्थेने १९४१ मध्ये फॉसेटविरुद्ध दाखल केला. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९५१ मध्ये दिलेल्या निर्णयाने नॅशनलची बाजू सावरली. दरम्यान अतिमानवी नायकांचा खप घसरला होता. अखेर १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून ४ लाख डॉलर दिले व कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन कायमचे थांबविण्याचे मान्य केले. त्याचा एक अनपेक्षित परिणाम ब्रिटनमध्ये झाला. तेथील एल. मिलर ही संस्था फॉसेटच्या कथा पुन्हा छापून विकत असे. तिचा पुरवठाच आटल्यामुळे मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये ‘मार्व्हलमन’ हा जवळजवळ तसाच नायक तयार केला. अशा रीतीने पुनर्मुद्रण खंडित झाल्यामुळे एक नवे पात्र जन्माला आले. ॲलन मूर यांनी १९८२ पासून या मार्व्हलमनला नवे, गंभीर रूप दिले आणि त्यामागे ‘सुपरडुपरमॅन’ या विडंबनाची प्रेरणा असल्याचे सांगितले. एका थट्टेतून अतिमानवी नायकांच्या गंभीर पुनर्विचाराचा मार्ग निघाला, असे यावरून दिसते.

क्वालिटी या संस्थेने १९५६ मध्ये व्यवसाय आवरला व तिची पात्रे नॅशनलकडे गेली. प्लास्टिक मॅनचे स्वतंत्र मासिक ६४ अंकांनंतर त्याच वर्षी बंद पडले. कोल त्यापूर्वीच ‘प्लेबॉय’मधील हास्यचित्रांकडे वळले होते. १९५८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. प्लास्टिक मॅनच्या पुढील कीर्तीचा अनुभव त्यांना घेता आला नाही.

पुनर्मुद्रणाचा इतिहास : पुनर्मुद्रणाचे स्थूलमानाने तीन टप्पे मानता येतात. पहिला टप्पा निव्वळ व्यापारी होता. इझ्रेल वॉल्डमन या प्रकाशकाने १९५८ नंतरच्या काही वर्षांत बंद पडलेल्या मासिकांतील कथा मिळवून त्या स्वस्तात पुन्हा छापल्या. प्लास्टिक मॅनच्या कथाही त्यांत होत्या. हक्कांची चौकशी, लेखकांची नावे किंवा मूळ प्रकाशनाचे वर्ष यांची दखल त्यांत घेतली जात नसे. याला उल्लेखनीय अपवाद ‘मॅड’चा. बॅलन्टाइन या संस्थेने १९५४ मध्येच ‘द मॅड रीडर’ हे खिशात मावणारे पुस्तक काढले व त्यात ‘सुपरडुपरमॅन’चा समावेश केला. पान लहान झाल्याने चौकटींची मांडणी बदलावी लागली आणि रंग नाहीसे झाले. तथापि या पुस्तकामुळे ती कथा मूळ अंकाच्या आयुर्मर्यादेपलीकडे टिकून राहिली.

दुसरा टप्पा स्मरणरंजनाचा व रसग्रहणाचा होता. हास्यचित्रकार व नाटककार ज्यूल्स फायफर यांचा ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ (१९६५) हा ग्रंथ त्याचा आरंभ मानला जातो. लहानपणी वाचलेल्या नायकांवर फायफर यांनी लिहिलेला प्रदीर्घ निबंध व त्यासोबत छापलेल्या मूळ कथा असे त्याचे स्वरूप आहे. जुन्या चित्रकथांकडे सुशिक्षित प्रौढ वाचकाने गांभीर्याने पाहावे, हा विचार त्यामुळे रुजला. डीसीने १९७१ मध्ये आपल्या एका विशेष अंकात कोल यांच्या प्लास्टिक मॅनच्या कथा छापल्या. १९७२ मध्ये फॉसेटकडून परवाना घेऊन पुढील वर्षी ‘शझॅम’ हे मासिक सुरू केले. मधल्या काळात ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव मार्व्हल या संस्थेने व्यापारचिन्ह म्हणून मिळविले होते. त्यामुळे डीसीला मासिकाच्या मुखपृष्ठावर नायकाऐवजी मंत्राचे नाव द्यावे लागले. नव्या कथांसाठी वृद्ध बेक यांनाच पाचारण करण्यात आले. परंतु या कथांचा दर्जा न पटल्याने दहा अंकांनंतर त्यांनी काम सोडले. त्याच मासिकात पुन्हा छापलेल्या जुन्या कथा नव्यांच्या शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांच्या असमाधानाचे कारण उमगते. १९७७ मध्ये ‘शझॅम’च्या तीन दशकांतील कथांचा ग्रंथ निघाला. मायकेल बॅरिअर व मार्टिन विल्यम्स यांनी स्मिथसोनियन संस्थेसाठी १९८१ मध्ये संपादिलेल्या चित्रकथासंग्रहात मेयर, कोल, बेक व कर्ट्‌झमन यांच्या कथांना स्थान मिळाले. राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावाने निघालेल्या ग्रंथात त्यांचा अंतर्भाव व्हावा, ही प्रतिष्ठेची खूण होती.

तिसरा टप्पा समग्रतेचा. मार्व्हलची ‘मास्टरवर्क्स’ ही ग्रंथमाला १९८७ मध्ये आणि डीसीची ‘आर्काइव्ह्ज’ ही माला १९८९ मध्ये सुरू झाली. कापडी बांधणी, उत्तम कागद, कालानुक्रमे मांडणी व अभ्यासपूर्ण प्रस्तावना ही त्यांची वैशिष्ट्ये होत. या मालेत ‘शझॅम’चे चार खंड १९९२ पासून आणि प्लास्टिक मॅनचे आठ खंड १९९८ ते २००६ या काळात निघाले. मार्व्हलने १९८९ मध्ये ‘फायटिंग अमेरिकन’चा संग्रह काढला आणि डार्क हॉर्स या संस्थेने हर्बीच्या कथा २००८–०९ मध्ये तीन खंडांत आणल्या. समग्रतेचे ध्येय मात्र सर्वत्र साध्य झाले नाही. प्लास्टिक मॅनच्या आठ खंडांत मालिकेचा पूर्वार्धच सामावला आहे. तिच्या उत्तरार्धात इतर चित्रकारांचाही हात असल्याने कोल यांचे स्वतःचे काम नेमके कोणते, हे ठरविण्यासाठी अभ्यासकाला अद्याप मूळ अंकांकडेच जावे लागते.

निर्मितीप्रक्रिया : जुन्या चित्रकथांची मूळ रेखाटने फारच थोडी उरली आहेत. छपाई झाल्यावर ती फेकून दिली जात किंवा प्रकाशकाकडेच पडून नष्ट होत. प्रकाशकाकडे काळ्या रेषांच्या छायाप्रती शिल्लक असल्यास काम सोपे होते. एरवी पिवळ्या पडलेल्या छापील अंकावरूनच नवे पान सिद्ध करावे लागते. त्यासाठी एके काळी एक प्रत बळी देत. तिचे पान रसायनांत बुडवून रंग उडवीत व उरलेल्या काळ्या रेषा दुरुस्त करून त्यांवर पुन्हा रंगयोजना करीत. दुसरी रीत पानावर पारदर्शक कागद ठेवून रेषा नव्याने गिरविण्याची. संगणकाच्या वापरामुळे छापील पानाची सूक्ष्म प्रतिमा घेऊन डाग व कागदाचा पिवळेपणा तेवढा कमी करणे शक्य झाले आणि प्रत नष्ट करण्याची गरज उरली नाही.

विनोदी चित्रकथांच्या बाबतीत ही तांत्रिक निवड विशेष परिणामकारक ठरते. साहसकथेत रेषा थोडी जाड झाली, तरी कथानकाला बाध येत नाही. पण कोल यांच्या पानांत कोपऱ्यातील बोटभर माणसाचा चेहरा किंवा भिंतीवरील पाटीची अक्षरे हाच विनोद असतो आणि गिरविताना तो प्रथम हरवतो. प्लास्टिक मॅनचा पोशाख लाल असून त्यावर पिवळा-काळा पट्टा आहे. खोलीतील खुर्ची लाल-पिवळी दिसली की नायक दबा धरून बसला आहे, हे वाचक ओळखतो, पण चोर ओळखत नाही. एकरंगी पुनर्मुद्रणात ही गंमत संपूर्णपणे लोपते, तर रंग बदलल्यास ती फसते. गुळगुळीत पांढऱ्या कागदावर जुनेच रंग भडक दिसतात, कारण ते शाई शोषून घेणाऱ्या वृत्तपत्री कागदासाठी योजलेले होते. आर्ट स्पीगलमन व चिप किड यांनी कोल यांच्यावरील आपल्या ग्रंथात (२००१) जुन्या छापील पानांचे ठिपके व कागदाचा रंग मुद्दाम राखला. त्यामागे हाच विचार दिसतो. याउलट स्वच्छ रेषेचा आग्रह धरणाऱ्यांच्या मते निकृष्ट छपाई हा कलावंताचा हेतू नव्हता, ती त्याची अडचण होती. हा वाद मिटलेला नाही. बेक यांच्या मोजक्या रेषांना स्वच्छ पुनर्मुद्रण मानवते, तर कोल यांच्या गजबजलेल्या पानांना मूळ प्रतिमा अधिक न्याय देते, एवढे म्हणता येईल.

हक्क व श्रेय : या चित्रकथांचे लेखक व चित्रकार बहुधा पानामागे ठराविक मोबदला घेत. निर्मितीवरील सर्व हक्क प्रकाशकाचे असत. त्यामुळे पुनर्मुद्रणाच्या उत्पन्नातील वाटा मागण्याचा कायदेशीर आधार त्यांच्यापाशी नव्हता. अनेक कथांवर नावही नसे. शैली, हिशेबाच्या वह्या व सहकाऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारे अभ्यासकांनी कर्तृत्वाचा शोध घेतला आणि संग्रहांच्या अनुक्रमणिकांतून अनेक नावे प्रथमच छापली गेली. हा संग्रहांचा मोठाच उपकार होय.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार प्रताधिकार प्रथम २८ वर्षांचा असे व मुदत संपताना नूतनीकरण करावे लागे. बंद पडलेल्या मासिकांच्या बाबतीत ते करण्यास अनेकदा कोणी उरलेच नाही. त्यामुळे कित्येक जुने अंक सर्वांना खुले झाले आहेत. नूतनीकरण झालेल्या अंकांना मात्र प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण आहे. शिवाय कथा खुली झाली, तरी पात्राचे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखीव असू शकते. परिणामी एकाच नायकाची जुनी कथा कोणीही छापावी, पण ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव मिरवू नये, अशी विचित्र स्थिती उद्‌भवते.

आक्षेपार्ह चित्रणाचा प्रश्न : संपादकांपुढील सर्वांत कठीण प्रश्न जुन्या विनोदाच्या विषयांचा आहे. त्या काळी कृष्णवर्णीय, जपानी व इतर लोकांची विकृत चित्रे काढणे हा हमखास हशा पिकविण्याचा मार्ग समजला जाई. कॅप्टन मार्व्हलच्या कथांत ‘स्टीमबोट’ नावाचे कृष्णवर्णीय नोकराचे असेच एक पात्र होते. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांच्या एका गटाने फॉसेटच्या संपादकांना प्रत्यक्ष भेटून त्याबद्दल आक्षेप नोंदविला आणि हे पात्र बंद करण्यात आले. ‘त्या काळी कोणालाच त्यात वावगे वाटत नसे’ हे समर्थन या घटनेमुळे लटके ठरते. ज्यांची थट्टा होत होती, त्यांना ती तेव्हाही बोचत होती. वाचकांनी, तेही मुलांनी, ते सांगितले होते.

हे पात्र व युद्धकालीन जपानी खलनायक ज्या कथांत आहेत, त्यांतच बाइंडर व बेक यांचे सर्वांत मोठे यशही आहे. मिस्टर माइंडची ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ ईव्हिल’ ही २५ भागांची कथा १९४३ ते १९४५ पर्यंत चालली. चित्रकथा-मासिकांतील दीर्घ क्रमशः कथेचा हा आद्य व गाजलेला प्रयोग होय. १९८९ मध्ये तिची मर्यादित प्रतींची मोठ्या आकाराची आवृत्ती निघाली. डीसीने २०१८ मध्ये नव्या आवृत्तीची घोषणा केली. ती २०१९ मध्ये यावयाची होती, परंतु प्रकाशनापूर्वीच रद्द करण्यात आली.

अशा वेळी संपादकापुढे चार मार्ग असतात : कथा जशीच्या तशी छापणे, आक्षेपार्ह भाग गाळणे किंवा बदलणे, ती अजिबात न छापणे, अथवा ती संपूर्ण छापून प्रस्तावनेत व टिपांत तिच्या सदोषतेची स्पष्ट चर्चा करणे. पहिल्या मार्गाने जुना अपमान नव्या वाचकाच्या, विशेषतः मुलांच्या, हाती जसाच्या तसा पडतो. दुसऱ्याने इतिहास सोज्वळ दिसू लागतो. तिसऱ्याने दोष आणि गुण एकत्रच पुरले जातात. शिवाय खुल्या झालेल्या कथा अन्य मार्गांनी, कोणत्याही स्पष्टीकरणाविना, प्रसृत होतच राहतात. चौथा मार्ग सर्वांत श्रमाचा असला, तरी प्रौढ वाचकांसाठी काढलेल्या ग्रंथात तोच अधिक योग्य ठरतो. मात्र लहान मुलांसाठीचा निवडक संग्रह आणि अभ्यासकांसाठीचा समग्र संग्रह यांत भेद केला पाहिजे आणि आपला संग्रह कोणत्या प्रकारचा आहे, हे ग्रंथावरच सांगितले पाहिजे.

पुनर्मुद्रणात मजकूर बदलण्याचा प्रश्न मराठी वाचकालाही सर्वस्वी परका नाही. टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ (१९६४–९०) या मालेतून ली फॉक यांच्या ‘फॅन्टम’च्या दैनिकांतील चित्रमालिका ग्रथित होऊन मराठीतही येत. मराठीत हा नायक ‘वेताळ’ या नावाने घरोघरी पोहोचला. विनोद हा त्या कथांचा प्रधान रस नव्हता, पण पुनर्मुद्रणाची तंत्रे तीच होती. ठराविक पानांत बसविण्यासाठी चौकटी कापल्या जात. मूळ कथेतील ‘बेंगाला’ या देशाचे ‘डेंकाली’ झाले आणि ‘सिंग’ चाच्यांचे नाव भारतीय वाचकांना खटकू नये म्हणून ‘सिंगा’ असे करण्यात आले. वाचकाचा मान राखण्याचा हेतू योग्यच होता. तथापि बदल केल्याचे अंकात सांगितले जात नसल्याने कित्येक वाचकांना मूळ पाठ वेगळा असल्याची कल्पनाही नव्हती.

मूल्यमापन : पुनर्मुद्रित संग्रहांनी अतिमानवी नायकांच्या इतिहासाविषयीची एक रूढ समजूत दुरुस्त केली. या नायकांचे प्रारंभीचे युग भाबडे व गंभीर होते आणि त्यांच्याकडे मिस्किलपणे पाहण्याची दृष्टी नंतर आली, असे पुष्कळ काळ मानले जाई. रेड टोर्नेडो, प्लास्टिक मॅन व कॅप्टन मार्व्हल यांच्या कथा सलग वाचल्या असता उपहास व साहस हे अगदी आरंभापासून जोडीने वाढल्याचे दिसते. सर्वाधिक खपाचा नायकही हसतमुखच होता. मासिकांच्या सुट्या, विखुरलेल्या अंकांवरून हे लक्षात येणे अवघड होते.

सलग वाचनाचा एक तोटाही आहे. महिन्याकाठी आठ-दहा पानांची एक कथा वाचावी, अशा बेताने या कथा लिहिलेल्या होत्या. अडीचशे पानांच्या खंडात तेच तेच डावपेच पुनरुक्त वाटतात व विनोद बोथट होतो. मूळ अंकांतील जाहिराती, वाचकांची पत्रे व शेजारच्या गंभीर कथा संग्रहात नसतात. त्यामुळे थट्टा नेमकी कशाची चालली आहे, याचा संदर्भही काही वेळा सुटतो. महागड्या बांधणीमुळे दहा सेंटांची करमणूक संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसते आणि ज्या वयाच्या वाचकांसाठी ती निर्माण झाली, त्यांना ती परवडत नाही. डीसी व मार्व्हल यांनी पुढे स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या काढून ही उणीव अंशतः भरून काढली.

चांगल्या संग्रहाच्या कसोट्या यावरून निश्चित करता येतात. मूळ प्रकाशनाचा अंक व वर्ष, लेखक व चित्रकार यांची नावे, पान कशावरून सिद्ध केले याची माहिती आणि काही गाळले वा बदलले असल्यास त्याची कबुली, या चार गोष्टी त्यात असावयास हव्यात. ज्या कलावंतांना हयातीत नाव वा वाटा मिळाला नाही, त्यांच्या बाबतीत एवढा प्रामाणिकपणा हे संपादकाचे किमान कर्तव्य ठरते. ज्या वाचकांची एके काळी थट्टा झाली, त्यांच्या बाबतीतही तेच खरे आहे.